नारळ घेतलेलं कॉलेज

"पानी बारा म्हैनं असतं का?" अण्णांनी विचारलं.

प्राचार्यांनी घोलप सरांकडं पाहिलं, घोलप सरांनी माझ्याकडं, आणि मी माझ्या पायांतल्या कॅनव्हासच्या बुटांकडं.

"कॉलेजात?" प्राचार्य म्हणाले.

"तर! पोरगी द्यायची म्हंजी घर बघाया नको? पानी कसलं, शेजार कसला, घरात मानसं किती."

"प्राध्यापक तीसेक आहेत," प्राचार्य सावरून म्हणाले. "पाणी नगरपालिकेचं. एक दिवसाआड येतं."

"एक दिवसाआड," असं म्हणत अण्णांनी शेजारी बसलेल्या ताराआत्याकडं बघून मान हलवली. आत्यानंही हलवली. कॉलेजचा एक गुण गेला हे मला कळलं आणि मनातल्या मनात बरं वाटलं.

बरं वाटायला कारण होतं. त्या वर्षी मी बारावी झाले होते आणि जिल्ह्याच्या कबड्डी स्पर्धेत माझ्या चढाया बघून दोन ठिकाणांहून बोलावणं आलं होतं. एक ह्या आमच्या तालुक्याच्या कॉलेजचं. तिथले खेळाचे घोलप सर स्वतः मैदानावर येऊन म्हणाले होते, "एकदा घरच्यांना घेऊन ये, कॉलेज बघ, आमच्या पोरींबरोबर खेळून बघ, मग ठरव." दुसरं बोलावणं कोल्हापूरचं. तिथल्या सरनाईक बाई स्वतः महाराष्ट्राकडून खेळलेल्या, आणि दर वर्षी त्यांच्या हाताखालची एखादी तरी मुलगी राज्याच्या संघात जायची. कोल्हापूरला पुढच्या शनिवारी जायचं होतं. माझं मन कधीच तिकडं जाऊन बसलं होतं. तालुक्याला आम्ही आलो ते केवळ अण्णांच्या नियमासाठी. दोन घरं बघितल्याशिवाय पोरगी द्यायची नाही, हा तो नियम.

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पिठाची गिरणी होती, पण खोऱ्यात ओळख होती ती लग्नं जुळवणारा माणूस म्हणून. दळणाला आलेल्या बायका पीठ पडेपर्यंत बसायच्या आणि कुणाची पोर उजवायची राहिली, कुणाचा पोरगा नोकरीला लागला, सगळं बोलायच्या. अण्णा पट्ट्यावर लक्ष ठेवून ऐकायचे आणि महिन्याभरात कुठंतरी सुपारी फुटायची. त्याबद्दल त्यांनी कुणाकडून कधी काही घेतलं नाही, लग्नातली टोपी आणि उपरणं सोडून. अशा माणसाला कॉलेज बघायला बोलावलं तर तो स्थळच बघणार. दुसरं काही बघायची त्याला सवय नव्हती.

शिपायानं चहा आणला. अण्णांनी कप मागं सारला.

"बिनसाखरंचा असंल तर द्या."

"साहेबांना शुगर आहे वाटतं," प्राचार्य आपुलकीनं म्हणाले. "आमच्या वडिलांनाही होती."

मला हसू दाबता येईना. अण्णांना शुगर कसली, ते गुळाचा खडा तोंडात धरून गिरणीचं चाक फिरवायचे. पण तोंड गोड करायचं ते ठरल्यावर, आधी नाही. आत्यानंही तिचा चहा तसाच ठेवला. तिचा जीव चहावर किती होता हे मला ठाऊक होतं, म्हणून मला तिचं फार वाईट वाटलं.

घोलप सरांनी आम्हांला कॉलेज दाखवलं. ठेंगणा, रुंद खांद्यांचा माणूस, बोलताना हात हलवायची सवय. ग्रंथालय दाखवलं, तिथं अण्णांनी कपाटांना वाळवी लागलीय का ते बोटानं बघितलं. मुलींच्या खोलीत आत्या आधी शिरली, दार लावून घेतलं आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

"कडी आतनं नीट लागती," बाहेर येऊन ती म्हणाली. "आरसा बी हाय."

मैदान खरेदी-विक्री संघाच्या गोदामामागं होतं. एका अंगाला उतार, कडेला खताच्या रिकाम्या पोत्यांचा ढीग. कोल्हापूरचं मैदान मी पाहिलं नव्हतं, पण त्याला उतार नसणार याची मला खात्री होती. मैदानावर सरांच्या मुली फक्कीच्या ताज्या रेषांवर पाय पडू न देता थांबल्या होत्या. त्यांची कॅप्टन शशी लोखंडे पुढं आली. सावळी, उंच, दुसऱ्या वर्षाला होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "ये. बघू तरी सर कुणासाठी एवढं नाचतायत."

मी चढाईला गेले. खरं सांगते, त्या दिवशी माझ्या अंगात काय संचारलं होतं कुणास ठाऊक. मला तिथं यायचं नव्हतं, म्हणून भीती नव्हती. पहिल्याच चढाईत दोन गडी टिपले. दुसऱ्या वेळी मधल्या दोघींची साखळी आली, ती तोडून मध्यरेषा गाठली. शशी डाव्या कोपऱ्यात खेळायची. तिनं घोट्याला हात घातला तर मी तिलाच ओढत रेषेपर्यंत घेऊन आले. लोण चढला तेव्हा मुली धापा टाकत खाली बसल्या होत्या आणि मी उभीच होते.

"तुला धरायला कासरा लागंल बाई," शशी गुडघा झाडत म्हणाली, पण हसून म्हणाली.

पोत्यांच्या ढिगावर बसून आत्या टाळ्या वाजवत होती. अण्णा कमरेवर हात ठेवून उभे होते, चेहरा गंभीर, पण मिशी हलत होती. घोलप सरांनी मात्र टाळी वाजवली नाही. ते पायानं माती सारखी करत खाली बघत होते. मला वाटलं, ह्यांना राग आला, मी यांच्या मुलींची अब्रू घालवली.

नंतर मुलींनी डबे उघडले. त्यांना वसतिगृह नव्हतं, सगळ्या आजूबाजूच्या गावांतून एसटीनं यायच्या. कुणाच्या डब्यात पावट्याची उसळ, कुणाच्या खर्डा. मला मध्ये बसवून प्रत्येकीनं माझ्या भाकरीवर काहीतरी ठेवलं. कुठल्या सरांच्या तासाला झोप येते, कुठल्या कंडक्टरला सांगितलं की तो गाडी थांबवतो, हे शशीनं मला असं सांगितलं की जणू मी उद्यापासून येणारच. मला त्या मुली आवडल्या, हे कबूल केलं पाहिजे. तरीपण मनातलं कोल्हापूर काही हललं नाही.

निघताना प्राचार्यांनी पुन्हा बोलावलं. "छोटासा कार्यक्रम आहे. दोन मिनिटं."

कार्यक्रम म्हणजे काय असतो, हे आज मला चांगलंच ठाऊक आहे. आता मीच एका कॉलेजात खेळाची बाई आहे आणि वर्षाला दहा-पंधरा तरी पाहुण्यांचे सत्कार डोळ्यांदेखत होतात. शाल, श्रीफळ, फोटो, टाळ्या. पण अण्णांना त्यांच्या उभ्या आयुष्यात कुणी कॉलेजात बोलावून शाल पांघरली नव्हती. शाल खांद्यावर पडली तेव्हा ते नुसते गोंधळले. मग प्राचार्यांनी ताटातला नारळ उचलला, त्याला कुंकवाचं बोट लावलेलं होतं, आणि दोन्ही हातांनी पुढं केला.

अण्णांचे हात वर आले नाहीत.

शहराकडं एखाद्याला कामावरून काढलं की "नारळ दिला" म्हणतात. आमच्या खोऱ्यात उलटं. मुलाच्या बापानं कुंकू लावलेला नारळ पुढं करावा आणि मुलीच्या बापानं तो घ्यावा. घेतला की मुलगी त्या घरची झाली. मग देव जरी खाली आला तरी शब्द फिरत नाही. असे कितीतरी नारळ अण्णांनी स्वतः एका हातातून दुसऱ्या हातात पोचवले होते.

प्राचार्य हसत उभे. फोटोवाला एक डोळा मिटून उभा. घोलप सर, शिपाई, दाराशी शशी आणि तिच्या मैत्रिणी, सगळ्यांच्या टाळ्या हवेत थांबलेल्या. अण्णांनी आत्याकडं बघितलं. आत्यानं पदर तोंडाला लावला. समोरच्यानं दिलेला नारळ परतवणं म्हणजे भर मांडवात अपमान, आणि अपमान करणं अण्णांना जमत नव्हतं. त्यांनी हात पुढं केले, नारळ घेतला आणि कपाळाला लावला. टाळ्या झाल्या. मग अण्णा शिपायाला म्हणाले, "च्या आना आता. साखरंचा."

मी कपभर चहा कसाबसा प्याले. तो कसा लागला हे मला आठवतही नाही.

एसटीत अण्णांनी नारळ मांडीवर धरला होता. घरी आल्यावर हात-पाय धुऊन नारळ देव्हाऱ्यात ठेवला, हळद-कुंकू वाहिलं आणि तिथूनच म्हणाले, "शनवारचं कोल्हापूर ऱ्हायलं."

"अण्णा, त्यो सत्काराचा नारळ हुता!"

"कुकू लावल्याला हुता."

"सगळ्यांनाच देत असतील!"

"त्यांच्या मनात काय हुतं ते त्यांना ठावं. माझ्या हातात आला, मी कपाळाला लावला. दहा मानसांनी बघितलं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मला बी कळतंय तुझं मन कुठं हाय. नारळ देनार ह्ये आधी कळलं असतं तर शाल बी घेतली नसती. पर आता झालं."

मी आकांत मांडला. दोन दिवस जेवले नाही, म्हणजे अण्णांसमोर जेवले नाही. आत्या मागच्या दारानं ताट आणायची. शाळेतल्या पीटीच्या मास्तरांनी येऊन समजावलं, तर अण्णांनी त्यांनाच विचारलं, "तुमच्या पोरीच्या लग्नात मी मधी हुतो. नारळ घिऊन मागनं मी म्हनलो असतो, ऱ्हाऊ द्या, दुसरं चांगलं आलंय, तर?" मास्तर चहा पिऊन गेले.

अण्णांचं हे असं का, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ताराआत्या त्यांची धाकटी बहीण. तिचं लग्न ठरलं होतं, नारळ झाला होता, बस्ता बांधायचा दिवस धरला होता. त्या लोकांना मध्येच बागायतवाल्याचं स्थळ आलं आणि त्यांनी मोडलं. त्यानंतर आत्यानं कुठलंच स्थळ बघू दिलं नाही. माझी आई मी लहान असताना गेली, तेव्हापासून मला हिनंच वाढवलं. अण्णा लग्नं जुळवायला लागले ते आत्याचं मोडल्यानंतर. त्यांनी जुळवलेलं एकही कधी मोडलं नव्हतं आणि हाच त्यांचा सगळा मान होता.

हे सगळं मला कळत होतं आणि तरीही मला कोल्हापूरला जायचं होतं. अठरा वर्षांच्या पोरीला दोन्ही गोष्टी एकदम कळतात, पण सोडवता एकही येत नाही. शेजारच्या बायका आधीच म्हणायला लागल्या होत्या, दुसऱ्यांच्या पोरी उजवणारा स्वतःची घरात ठेवून खेळवतोय. मला कबड्डीत काही करून दाखवायचं असेल तर दोन-तीन वर्षंच हातात होती. मग अण्णांनाही लोकांपुढं माझं लग्न थोपवून धरता आलं नसतं.

मैत्रिणीकडं जाते म्हणून मी बुधवारी तालुक्याची गाडी पकडली. घोलप सर मैदानावर होते. हातात फक्कीची पाटी, मुली रेषा मारत होत्या.

"सर," मी म्हटलं, "तुमचा नारळ परत घ्या."

"कसला नारळ?"

मी सगळं सांगितलं. एक दिवसाआड पाण्यापासून बिनसाखरेच्या चहापर्यंत, देव्हाऱ्यापर्यंत. सर आधी मोठ्यानं हसले. त्यांच्या मुलीही हसल्या. मग सरांचं हसणं एकदम थांबलं.

"म्हणजे अण्णांनी तुला आम्हांला दिली?"

"व्हय."

"आणि शब्द फिरवणार नाहीत?"

"मेलं तरी न्हाई."

शशी पुढं आली. "सर, मग गप बसा की. आयती आलीय पोरगी. आपण कुठं खोटं बोललो? यंदा विद्यापीठाची फायनल गाठतो की आपण." तिला अजून एकच हंगाम होता. तिच्या आवाजात लबाडी नव्हती, नुसती भूक होती, आणि खेळणारीला खेळणारीची भूक समजते. मी तिच्यावर रागावू शकले नाही.

सर मला म्हणाले, "तुला कोल्हापूरलाच का जायचंय?"

"तिथनं महाराष्ट्राच्या संघात जात्यात पोरी."

"आणि इथनं नाही जाणार."

खोटं बोलायचं नव्हतं, खरं बोलायला तोंड नव्हतं. सरांनी पाटी खाली ठेवली, हात झटकले. ते कितीतरी वर्षं त्या उतारावरच्या मैदानात मुली घडवत होते आणि माझ्यासारखी चढाई करणारी त्यांच्या हाताला कधी लागली नव्हती. त्या दिवशी मला एवढं कुठलं कळायला. मला एवढंच दिसलं की ते माझ्याकडं बघत नाहीयेत.

"घरी जा," ते म्हणाले. "गाडी चुकंल."

संपलं, असं मला वाटलं. परतीच्या वाटेवर एसटीच्या खिडकीला डोकं टेकून मी पोटभर रडले. मी कुणाच्या हाताला लागत नाही म्हणून मिरवत होते, आणि एका नारळानं मला धरून ठेवलं होतं.

शुक्रवारी गिरणीवर गर्दी असायची. पाच-सहा बायका डबे घेऊन बसलेल्या, पट्टा फटफट करत फिरत होता. घोलप सरांची स्कूटर दारात येऊन उभी राहिली. अण्णांनी गिरणी बंद केली. ते पिठानं पांढरे झालेले, मिशीसुद्धा पांढरी.

"या, या! बायांनो, ह्ये आमच्या मालनच्या कालिजाचं सर. नारळ झालाय आमचा," अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तारे, च्या ठेव. साखर टाक म्होप."

गिरणीला लागूनच आमचं घर. सर आत आले, घोंगडीवर बसले. मी मधल्या दाराआड. बायकांनी डबे तिथंच सोडून उंबऱ्याशी गर्दी केली.

"अण्णा," सर म्हणाले, "मालन परवा येऊन गेली. त्या नारळाचं असं आहे, कॉलेजात आम्ही सगळ्याच..."

एवढं बोलून ते थांबले. त्यांची नजर देव्हाऱ्याकडं गेली होती. नारळाला ताजं हळद-कुंकू होतं, खाली तांदूळ होते, शालीची घडी त्याच्याशेजारी होती. मग त्यांनी उंबऱ्यावरच्या बायकांकडं बघितलं आणि शेवटी अण्णांकडं. अण्णा पुढचं वाक्य ऐकायला वाकले होते. ते वाक्य काय आहे हे मला ठाऊक होतं. सगळ्याच पाहुण्यांना देतो. मागच्या महिन्यात मोटार पंप दुरुस्त करणाऱ्यालाही दिला असेल. एवढं म्हटलं की मी सुटले असते आणि अण्णा जन्मभर खोऱ्यात हसण्यावारी गेले असते. सत्काराच्या नारळाला भुलून पोरगी दिली म्हणून.

मीच सांगितलं होतं, आणि मलाच वाटलं, सरांनी ते बोलू नये.

"कालिजात काय?" अण्णांनी विचारलं.

"कॉलेजात आम्ही सगळ्यांनीच विचार केला," सर म्हणाले. "मी मोडायला आलोय, अण्णा."

बाहेर एक बाई "अगं बया" म्हणाली.

"काय चुकलं आमचं?" अण्णांचा आवाज फुटला. "मी काय म्हनलं का? एक दिवसाआड पानी बी चालंल म्हनलं की!"

"तुमचं काही चुकलं नाही. घर आमचं कमी पडतंय. त्या दिवशी तुम्ही होता की मैदानावर. माझ्या सात पोरींत हिला एकीलाही धरता आलं नाही. तुम्हांला आनंद झाला. मला रात्रभर झोप नाही आली. जिला कुणी धरू शकत नाही ती पोरगी वर्षभरात आळशी होते, अण्णा. दम कमी पडतो, पाय जड होतो, आणि तिला कळतसुद्धा नाही. हिला रोज मातीत पाडणाऱ्या पोरी पाहिजेत. त्या कोल्हापुरात आहेत. माझ्याकडं नाहीत." त्यांनी घाम पुसला. "असली पोरगी ठेवून घ्यायचा मोह मला झाला. तीन दिवस झाला. म्हणून स्वतः आलो. नारळ परत द्या. शब्द तुम्ही नाही मोडला, मी मोडला. लोकांना असंच सांगा."

त्या दिवशी मैदानावर सरांनी टाळी का वाजवली नव्हती ते मला तेव्हा कळलं. दार धरून मी उभी होते.

अण्णा हलले नाहीत. त्यांच्यासमोर बहिणीनंतर आता पोरीचा नारळ परत चालला होता. ते उठतील आणि सरांना बाहेर काढतील असं मला वाटलं. कप खाली ठेवल्याचा आवाज आला आणि ताराआत्या पुढं झाली. परका पुरुष घरात असताना ती कधी बाहेरच्या खोलीत येत नसे.

"दादा," ती सरांना म्हणाली, "माझं बी मोडलं हुतं. मोडायला कुनी आलं न्हवतं. बाजारात भेटल्याल्या मानसाजवळ निरोप दिला, त्यो बी तिसऱ्याच दिवशी घावला. तवर मी अंगाला हळद लावायची म्हनून जात्यावर बसल्याली." ती थांबली. तिच्या तोंडून एवढं सलग बोलणं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. "मोडलं त्याचं न्हाई एवढं वाटलं. आमच्या तोंडाकडं बघाया कुनी आलं न्हाई, त्याचं वाटलं."

आत्या देव्हाऱ्यापाशी गेली, नारळ घेतला आणि अण्णांच्या पिठाळ हातात दिला.

"द्या," ती अण्णांना म्हणाली. "ह्यो मानूस तोंडावर आलाय. द्या त्यांचं त्यांना."

अण्णांनी नारळ दोन्ही हातांनी सरांना दिला. सरांनी तो कपाळाला लावला. नंतर अण्णा एवढंच म्हणाले, "जेवल्याबिगर जायाचं न्हाई," आणि पट्टा सुरू करायला गिरणीत गेले. पीठ पडायला लागलं तरी ते बराच वेळ पाठ फिरवूनच उभे होते. सर जेवले. आत्यानं त्यांना स्वतः वाढलं आणि दुसऱ्यांदा दूध-गूळ वाढायलाही विसरली नाही.

मी कोल्हापूरला गेले. सरांचं म्हणणं खरं निघालं. पहिले दोन महिने मी एकही चढाई नीट करू शकले नाही. सरनाईक बाईंच्या मुली मला रोज आपटायच्या, कोपरं सोलून निघायची. वसतिगृहाच्या खोलीत मी रडायचे आणि पहाटे परत मैदानावर उभी राहायचे. हळूहळू सुटायला शिकले.

त्या हंगामात विद्यापीठाची फायनल कोल्हापूरलाच झाली. आमच्यासमोर घोलप सरांचं कॉलेज आलं. माझ्याशिवाय त्यांनी फायनल गाठली होती. शशीनं ती खेचून आणली होती. अण्णा आणि आत्या येणार असं कळलं होतं. अण्णांनी मला मोठ्या मैदानावर कधी बघितलं नव्हतं. मी आमच्या बाजूच्या गर्दीत सारखी शोधत होते. तिथं ते नव्हते. खेळ सुरू झाला आणि चढाईला जाताना मला दिसले, समोरच्या बाजूला. घोलप सरांच्या बाकाला लागून, पांढरी टोपी, खांद्यावर कॉलेजनं दिलेली शाल. शेजारी आत्या. तिच्याजवळ पाण्याची कळशी, आणि ती बाद झालेल्या मुलींना पेला भरून देत होती, सरांच्या मुलींना.

माझा दम चुकता चुकता राहिला.

तो सामना आम्ही जिंकलो, पण शशीनं मला एकदा असं धरलं की मी हललेच नाही. घोटा, मग गुडघा, मग अख्खी अंगावर. तोंडात माती गेली. आणि त्या मातीत पडल्या पडल्या मी ऐकलं, सगळ्या मैदानाच्या गलक्यावर चढलेला अण्णांचा आवाज: "शाब्बास गं लोखंड्याच्या पोरी! सोडू नगंस!" शशी माझ्या पाठीवर हसत होती. मीही हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

सामना संपल्यावर मी करंडक दाखवायला पळत गेले. अण्णांनी तो हातात घेतला, उलटा करून बघितला, चांगला आहे म्हणाले. मला मात्र राहवलं नाही.

"अण्णा, मी त्या बाजूला हुते."

"मला दिसत न्हाई व्हय?"

"मग ह्यांच्यात येऊन कशाला बसलासा? नारळ परत दिला की आपन."

अण्णांनी घोलप सरांकडं बघितलं. सर हरलेल्या मुलींच्या घोळक्यात उभे होते, एकेकीच्या डोक्यावर हात ठेवत होते.

"नारळ परत दिला," अण्णा म्हणाले. "शब्द दिल्याला कसा परत येईल? तू तिकडं गेलीस, बरं केलंस. पर आपल्यातलं कुनीतरी हितं बसाया नको?"